अंडरबॉडी कोटिंग: डांबरवालं की मेणवालं? जुन्या गाडीवाल्यांनी आधी हे वाचा

बडोद्यात कुठल्याही गॅरेजात जाऊन "खालून कोटिंग करायचंय" एवढं म्हटलं की पुढे फारसं कोणी काही विचारत नाही, गाडी वर चढते, खालून प्रेशरनं पाणी मारतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं काळंकुळकुळीत करून देतात. "हवे काट नहीं लागे, साहेब", म्हणजे आता गंज लागणार नाही. नव्या गाडीला चालतंय हो. पण तुमच्याकडे वडिलांच्या वेळची फियाट किंवा अँबॅसडर असेल तर आधी डब्यात काय आहे ते विचारा, कारण एकाच नावाखाली दोन अगदी उलट स्वभावाचे माल विकले जातात. एक डांबर किंवा रबरवालं, जे वाळून जाड कडक थर बनतं. दुसरं मेणवालं किंवा लॅनोलिनवालं, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला तेलकट भाग, आणि हे कधी पूर्ण वाळतच नाही.

रंगावर जाऊ नका, मेणवालंही काळ्या रंगात मिळतं. चांगलं वाळल्यावर नख दाबून बघा. डांबरवाल्यावर नख उमटत नाही किंवा रबरासारखं परत वर येतं, मेणवाल्यात ओरखडा पडतो आणि बोटाला चिकट लागतं.

आता काम कोणाचं काय. डांबर-रबरवालं मुळात खडीचा मार खायला आहे. चाकातून उडणारे दगड मडगार्डच्या आतल्या बाजूला सतत आपटतात, तिथला रंग उडू नये आणि आवाज कमी व्हावा म्हणून हा थर, आणि ते काम तो खरंच छान करतो. गंज थांबवणं हे त्याचं जोडकाम, तेही थर अखंड आहे आणि खालचा पत्रा स्वच्छ आहे तोवरच. वर्षं गेली, उन्हानं-इंजिनच्या उष्णतेनं तो कडक झाला की बारीक भेगा पडतात, भेगेतून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर यायला वाटच नाही. वरून सगळं काळं, टापटीप, पास. स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून उचकटा, भाजलेल्या पापडासारखा अख्खा तुकडा निघतो आणि त्याच्या पाठीला तपकिरी पापुद्रे चिकटलेले असतात, कधी कधी पत्राच सोबत येतो. जुनी गाडी विकत घेताना खाली ताजं ताजं काळं कोटिंग दिसलं तर मी तरी खूश होत नाही, उलट संशय येतो.

मेणवाल्याचं उलटं. ते सरकतं. जोडात, फटीत, दोन पत्र्यांच्या मध्ये आपणहून झिरपतं, थोडंफार खरचटलं तर बऱ्याचदा आजूबाजूचं मेण सरकून ती जागा झाकतं. बारीक गंज आधीपासून असला तरी त्यात भिनून पाणी आणि हवा तोडतं, आणि या दोन्हींशिवाय गंज पुढे जात नाही. तोटे भरपूर आहेत पण: धूळ चिकटते, वास येतो, चाकाचं पाणी जिथे थेट बसतं तिथून धुऊन जातं, दरवर्षी खाली वाकून बघावं लागतं. आळशी माणसाचा माल नाही हा.

आणि फियाट-अँबॅसडरवाल्यांसाठी खरा मुद्दा पुढेच आहे. या गाड्यांना जीपसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडीच भार उचलते, त्यात दारांखालचे पोकळ बॉक्स फार महत्त्वाचे, आणि ते बऱ्याचदा आतून सडतात. बाहेरून कितीही काळं फासा, आत काय पोचणार? तिथे पातळ मेण लांब नळीनं, आधीपासून असलेल्या भोकांतून मारायचं, दुसरा मार्ग नाही.

नेटवर वाचून लोक घाबरतात ते बहुतेक इंग्लंड-कॅनडाचं असतं, तिथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे ते नाही (दमण किंवा वलसाडजवळच्या तीथल किनाऱ्यावर वाळूत गाडी उतरवत असाल तर गोष्ट वेगळी). आपला शत्रू म्हणजे चिखल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंच, आणि तो बारीक गाळ बॉक्समध्ये बसला की ओल धरून ठेवतो. अशा गाडीला आधी आतून पाणी मारून गाळ काढा, नीट सुकू द्या, मगच कोटिंगचं नाव काढा.

मग मी काय सांगतो: गाडी पूर्ण उघडून पत्रा कोरा केलाय, म्हणजे खरं रिस्टोरेशन चाललंय, तर एपॉक्सी प्रायमर मारा (साधा सरफेसर, म्हणजे रंगाआधी पत्रा सपाट करायचा थर, नको, तो पाणी पितो), जोडांना फट बुजवणारा सीलर, मडगार्डच्या आत डांबर-रबरवालं, आणि सगळ्यात शेवटी वरून आणि पोकळ भागांत मेण. क्रम उलटा करू नका, मेणावर डांबर धरत नाही. आणि पत्रा कोरा केलेला नाही, गाडी चालती आहे, खाली थोडा गंज आहे, तर डांबराचा विचारच सोडा. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशनं काढा, घट्ट बसलेल्या पातळ गंजावर हवं तर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचंच स्थिर थरात रूपांतर करणारं रसायन) लावा, टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडवालं, आणि वर फक्त मेण. पापुद्र्यांवर कन्व्हर्टर लावणं म्हणजे पैसे गटारात.

मुहूर्त एप्रिल-मे. पत्रा खडखडीत कोरडा असतो आणि बडोद्याच्या उन्हात मेण पातळ होऊन फटीत छान उतरतं. नंतर काही दिवस टपकतं, पार्किंगच्या टाइल्सवर पुठ्ठा टाका नाहीतर सोसायटीवाले बोलतील.

सायलेन्सर, ब्रेक ड्रम, रबरी बुश आणि होज कागद-टेपनं झाका, तेलकट माल नैसर्गिक रबर फुगवतो. बॉक्सखालची पाणी निघायची भोकं काम झाल्यावर तार घालून मोकळी करा. आणि पुढे कधी तिथे वेल्डिंग निघालं तर वेल्डरला आधीच सांगा की आत मेण आहे, ते पेटतं, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवूनच काम सुरू करायला लावा.