कॉलर्ड ग्रीन्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय कुटुंबांनी घडवलेल्या ‘सोल फूड’ या पाकपरंपरेतील प्रमुख पालेभाजी. कॉलर्ड या गड्डा न धरणाऱ्या कोबीची रुंद, जाड पाने धुरी दिलेल्या मांसाच्या पाण्यात मंद आचेवर दीर्घकाळ शिजवून ती करतात. शिजताना पातेल्यात जो रस उतरतो त्याला ‘पॉट लिकर’ म्हणतात आणि अनेक घरांत भाजीची पारख पानांपेक्षा या रसावरूनच होते. आपल्या अळूच्या पातळ भाजीला लावतात तसे डाळीचे पीठ या रसाला लावत नाहीत. तो शेवटपर्यंत पातळच राहतो.

कॉलर्डची वनस्पती ब्रासिका ओलेरेसिया या जातीची असून कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही सारी तिचीच भावंडे होत. पानांवर मेणाचा पातळ थर असल्यामुळे ती निळसर हिरवी दिसतात आणि पाण्याचे थेंब त्यांवरून ओघळून जातात. हे थंडीचे पीक आहे. गारठा वाढला की पानांतील साखर वाढून त्यांचा कडवटपणा निवतो, म्हणून पहिले दहिवर पडून गेल्यानंतर खुडलेल्या पानांना दक्षिणेत विशेष मागणी असते. काश्मिरात मोहरीचे तेल, हिंग आणि मिरची घालून पातळ शिजवतात व भाताबरोबर खातात तो ‘हाक’ याच गटातला आहे. केनियातील ‘सुकुमा विकी’ आणि ब्राझीलमध्ये बारीक चिरून परतलेली ‘कोव्ही’ हेही त्याचेच प्रकार.

ही वनस्पती मूळची आफ्रिकेतली असल्याचा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. भूमध्य सागराच्या परिसरात रुजलेली ही कोबीवर्गीय भाजी युरोपीय वसाहतकारांबरोबर अमेरिकेत पोहोचली. आफ्रिकेतून आली ती शिजवण्याची रीत. निरनिराळा पाला मांसाच्या किंवा मासळीच्या पाण्यात शिजवून तो पिठूळ अन्नाबरोबर खाण्याची पश्चिम आफ्रिकेतील सवय गुलाम म्हणून आणलेल्या स्त्रीपुरुषांनी नव्या भूमीत टिकवली. मळ्यांवर त्यांना मिळणारा शिधा मुख्यतः मक्याचे पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस एवढाच असे. त्याला भाजीची जोड मिळे ती खोपटांमागच्या लहानशा वाफ्यांतून. कॉलर्ड अशा वाफ्याला सोयीचे होते, कारण खालची पाने खुडत गेले तरी शेंड्याला नवी फुटत राहतात आणि हिवाळ्यातही झाड तग धरते. पुढे 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांत गेले, तेव्हा ही भाजीही त्यांच्याबरोबर गेली. ‘सोल फूड’ हे नाव 1960 च्या दशकात रूढ झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील सिल्व्हिया वुड्स यांचे प्रसिद्ध उपाहारगृह 1962 सालचे. दक्षिण कॅरोलायनाने 2011 मध्ये कॉलर्डला राज्याची अधिकृत भाजी ठरवले.

घरी भाजी करताना आधी मांस शिजवावे लागते, पाने नंतर. सुमारे 900 ग्रॅम पानांसाठी डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा धुरी दिलेला एक तुकडा घेऊन तो दीड ते दोन लिटर पाण्यात कांदा, लसूण आणि सुक्या लाल मिरचीबरोबर तासभर तरी उकळतात. हाडातला चिकटपणा व धुराची चव पाण्यात पूर्ण उतरेपर्यंत पाने घालण्याची घाई करू नये. तोवर भाजी निवडावी. पानांच्या सुरकुत्यांत बारीक वाळू अडकून बसते. ती एका पाण्यात कधीच निघत नाही. मोठ्या भांड्यात पाने बुडवून, वर उचलून, तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत तीनचार वेळा पाणी बदलावे. मधला जाड देठ काढून टाकावा, पाने एकावर एक रचून त्यांची वळकटी करावी आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या चिराव्यात. चिरलेला ढीग पातेल्यात मावणार नाही असे वाटते, पण मूठमूठ घालत गेले की तो भराभर बसतो. नंतर झाकण ठेवून पाऊण तास ते दोन तास मंद आचेवर शिजवतात; कोवळ्या पानांना वेळ कमी लागतो, जून पानांना अधिक. मांस मुळातच खारट असल्याने मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे. हाडावरचे मांस सोडवून पुन्हा भाजीत मिसळतात.

व्हिनेगरही अखेरीसच घालायचे असते. आम्लामुळे पाने लवकर मऊ होत नाहीत. उलट मेणचट, कडवट पाल्याला शेवटी पडलेला आंबटपणा फार चांगला उठाव देतो. बऱ्याच घरांत हिरव्या तिखट मिरच्या मुरवलेल्या व्हिनेगरची बाटली मेजावर असते. काही जण चिमूटभर साखर घालतात, काही जणांना ती मुळीच चालत नाही.

ही भाजी ‘फार शिजवलेली’ असते असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. दीर्घ उकळीने हिरवा रंग जाऊन पाने शेवाळी होतात आणि क जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो हे खरे. परंतु पाण्यात विरघळणारा बराच अंश रसात उतरतो आणि या परंपरेत रस फेकला जात नाही, ही गोष्ट आक्षेप घेणारे विसरतात. मक्याच्या पिठाची भाकरीसारखी भाजलेली जाड पाव-वडी, म्हणजे कॉर्नब्रेड, या रसाबरोबर खातात. ती बुडवून खावी की कुस्करून, यावर 1931 मध्ये लुइझियानाचे नेते ह्यूई लाँग आणि ‘ॲटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ हे वृत्तपत्र यांच्यात जाहीर वाद रंगला होता. लाँग बुडवण्याच्या बाजूचे होते. याच लाँग यांनी जून 1935 मध्ये सिनेटमध्ये पंधरा तासांहून अधिक चाललेल्या भाषणात पॉट लिकरची कृतीही सांगितली.

नववर्षाच्या पहिल्या दिवशी काळ्या डोळ्याच्या चवळीची, म्हणजे ब्लॅक-आइड पीजची उसळ, कॉलर्ड आणि कॉर्नब्रेड असा बेत करण्याची चाल आहे. हिरवी पाने म्हणजे नोटा, असे मानतात. आरोग्याच्या वा धर्माच्या कारणाने डुकराचे मांस वर्ज्य करणारी कुटुंबे टर्कीचे धुरी दिलेले पंख किंवा तंगडी वापरतात. शाकाहारी भाजीत धुरी दिलेली लाल मिरचीपूड आणि तेलात खरपूस परतलेला कांदा यांवर भर असतो; तिचा रस चवदार होतो, मात्र हाडातून येणारा दाटपणा त्यात येत नाही.

भाजी दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. ती संपल्यावर उरलेला रस गाळून ठेवतात आणि त्यात मक्याच्या पिठाचे गोळे सोडून शिजवतात, किंवा पुढच्या खेपेची पाने त्यातच घालतात.