वीरगळाच्या माथ्यावरचे चंद्र-सूर्य

मराठवाड्यात गावाच्या वेशीत, मारुतीच्या पारापाशी किंवा पडक्या महादेवाच्या देवळामागे कंबरभर उंचीचा एखादा कोरीव दगड हमखास भेटतो. शेंदूर आणि तेलाचे थर चढून त्यावरच्या आकृत्या बुजलेल्या असतात. गावात विचारलं तर कुणी म्हसोबा म्हणतं, कुणी ‘जुना देव आहे’ म्हणून हात जोडून पुढे जातं. नीट पाहिलं तर बऱ्याचदा तो वीरगळ निघतो, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचं स्मारक. चालुक्य आणि यादवांच्या काळात, साधारण 10व्या ते 14व्या शतकात, असे दगड दख्खनभर उभे राहिले.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू आणि बऱ्याचदा पायाशी आडवा पडलेला देह. शेजारी गायी कोरल्या असतील तर हा माणूस गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन चालल्या आहेत. त्याहून वर तोच वीर शिवलिंगापुढे बसला आहे, जवळ पुजारी. एकच माणूस एका दगडावर तीनदा येतो हे ठाऊक नसेल तर बघणारा तीन वेगळी माणसं समजून चकतो. आणि अगदी माथ्यावर, कलशाच्या दोन्ही अंगांना, चंद्र आणि सूर्य.

जर्मन कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी 1939 मध्ये चित्र वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी नुसतं दिसतं ते ओळखा: माणूस, तलवार, गाय. मग त्यामागची ठरलेली गोष्ट ओळखा: गोरक्षणात मरण आणि कैलासप्राप्ती. शेवटी, ज्या समाजाने हे कोरून घेतलं त्याला काय मोलाचं वाटत होतं ते शोधा. पहिली पायरी कुणालाही जमते. दुसरीला त्या मुलुखाची माहिती लागते. तिसरीवर मात्र भले भले घसरतात, कारण तिथे आपल्या मनातलं दगडाच्या तोंडी घालायचा मोह होतो.

चंद्र-सूर्यांचंच बघा. ‘आकाश दाखवायचं म्हणून कोरले असतील’ असं सहज वाटून जातं. पण त्याच काळातल्या दानाच्या शिलालेखांवरही वरच्या बाजूला हीच जोडी असते, कधी सोबत शिवलिंग किंवा गाय-वासरू. आणि लेखात मजकूर असतो की हे दान चंद्र-सूर्य असेतोवर चालावं. म्हणजे इथे ही जोडी काळाचं माप झाली आहे. वीराची कीर्ती असो की देवळाला दिलेली जमीन, मुदत एकच: आकाशात हे दोघे आहेत तोवर. नुसत्या आकारावरून हे कळलं नसतं. शेजारी कोरलेल्या अक्षरांनी ते सांगितलं.

दान मोडणाऱ्याला शापही ठरलेला. दिलेली जमीन हिरावणारा 60,000 वर्षं विष्ठेतला किडा होऊन जन्मेल, असा श्लोक ताम्रपटांत आणि शिलालेखांत पुन्हा पुन्हा येतो. कोकणातल्या गधेगाळ नावाच्या दानाच्या दगडांवर शाप थेट चित्रातच कोरला आहे, तोही इतका अर्वाच्य की शाळेच्या सहलीला मास्तर तिथून भराभर पुढे नेतात.

आता इथून पार इराकमध्ये जाऊ आणि 2,000 वर्षांहूनही मागे. बॅबिलोनवर कसाइट राजांची सत्ता असताना जमिनीच्या दानाचे कोरीव दगड करत. त्यांना कुदुर्रु म्हणतात. इसवी सनापूर्वी 12व्या शतकातल्या मेलिशिपाक राजाचा असा एक दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या माथ्यावर चंद्रकोर, सूर्य आणि शुक्राची चांदणी आहे. अशा दगडांवर दानाचा तपशील आणि दान मोडणाऱ्याला शापही असतात. विषय जमिनीचा, माथ्यावर चंद्र-सूर्य, खाली शाप: आपल्या शिलालेखाशी इतकं साम्य पाहून ‘हे तिकडूनच आलं’ किंवा ‘इथूनच गेलं’ म्हणायला जीभ शिवशिवते.

पण अर्थ तपासला की वाट वेगळी होते. कुदुर्रुवरचा सूर्य म्हणजे शमश, न्याय करणारा देव. चंद्र म्हणजे सिन, आणि करार मोडणाऱ्याच्या अंगावर तो कुष्ठासारखा रोग पांघरतो असे शाप त्या लेखांत आहेत. तिथे ही जोडी शिक्षा देणारी आहे, मुदत मोजणारी नाही. साम्याचं कारण बहुधा साधं आहे. चंद्र-सूर्य सगळ्यांना दिसतात, कुणाला विकत घेता येत नाहीत आणि करार करणारे दोघेही मेल्यावर ते उगवतच राहतात. कायमचं काही दगडावर लिहायचं झालं की जगात कुणालाही तेच सुचणार.

तिसरा अर्थ ख्रिस्ती चित्रकलेत सापडतो. इसवी सन 586 मधल्या रब्बुला यांच्या, सिरियाक भाषेतल्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या ग्रंथाच्या) हस्तलिखितात येशूला क्रुसावर चढवल्याचं चित्र आहे. त्यातही वर चंद्र-सूर्य आहेत. येशूच्या मृत्यूवेळी सूर्य झाकोळला या कथेला धरून हे दोघे तिथे शोक करायला आले आहेत. पुढच्या काळातल्या काही युरोपीय चित्रांत तर ते चक्क तोंड झाकून घेतात.

चंद्रकोरीचा एक बारकावा इथे सांगायलाच हवा. वीरगळावर ती बहुधा आडवी असते, टोकं वर. बायकांची चंद्रकोर टिकलीही तशीच. हा नुसता शैलीचा भाग नाही. चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. सूर्य मावळल्यावर तो चंद्राच्या बरोबर खाली असेल तर कोर होडीसारखी आडवी दिसते, बाजूला असेल तर कलते. हे ठरतं चंद्र-सूर्यांचा आकाशातला मार्ग क्षितिजाशी किती कोन करतो त्यावर, आणि तो कोन अक्षांश व ऋतूप्रमाणे बदलतो. मराठवाडा साधारण 18 ते 20 उत्तर अक्षांशांवर. इथे गुढीपाडव्याच्या सुमारास हा मार्ग सूर्यास्ताला क्षितिजावर जवळपास काटकोनात उभा असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची कोर आडवी दिसते. बॅबिलोन साडेबत्तीस अंशांवर. तिथेही वसंतात ती बरीच आडवी दिसते आणि कुदुर्रुवरही टोकं वरच आहेत. उत्तर युरोपात मात्र कोर बरीच उभी दिसते. म्हणजे ‘सगळ्यांना सारखा’ दिसणारा चंद्रही पुरता सारखा नाही.

इतक्या लांब न जाताही चिन्हाची भूमिका बदललेली पाहायची असेल तर अजिंठा गाठा. 10व्या लेण्यातला स्तूप इसवी सनापूर्वीचा, साधा, मूर्तीवाचूनचा. तिथल्या त्या काळच्या चित्रात राजा आपल्या लवाजम्यासह बोधिवृक्षाची पूजा करतो आहे. तिथून चालत 26व्या लेण्यात या. काळाने हे अंतर पाचएकशे वर्षांहून अधिक आहे. स्तूप इथेही आहे, पण त्याच्या दर्शनी बाजूला पाय खाली सोडून बसलेला भव्य बुद्ध कोरला आहे. ज्या आकाराने एकेकाळी एकट्याने बुद्धाची आठवण दिली, तो आता मूर्तीमागची बैठक झाला.

यावर वाद आहेत, आणि ते मला उत्तरांपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. जुनं मत असं की सुरुवातीच्या बौद्धांनी बुद्धाची मूर्ती टाळली आणि झाड, चक्र, पावलं यांतून तो सुचवला. अमेरिकन अभ्यासक सुझन हंटिंग्टन यांनी 1990 मध्ये याला हरकत घेतली. अशा अनेक दृश्यांत बुद्धाऐवजी झाड आहे असं कशावरून? लोक खरोखरच तीर्थाला जाऊन त्या पवित्र झाडाची पूजा करत होते, तेच कोरलेलं असू शकतं. एकाच फांदीकडे पाहून एकाला बुद्ध दिसतो, दुसऱ्याला यात्रा.

आणि कधी कधी चित्रात काहीच दडलेलं नसतं, किंवा असलं तरी कारागिराला भलतीच गंमत सुचलेली असते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत, आणि चौघांत मिळून डोकं एकच. कुठलंही एक धड पाहा, डोकं त्याचंच वाटतं. नजर दुसऱ्या धडावर नेली की डोकं मुकाट्याने पक्ष बदलतं. मेंदू एका वेळी एकच जोडणी पक्की करतो, चारही एकदम धरता येत नाहीत. चीनमधल्या दुनह्वांगच्या लेण्यांत तीन सशांना मिळून तीनच कान आहेत, तरी प्रत्येकाला दोन दिसतात. तेच ससे पुढे इस्लामी धातुकामात, जर्मनीतल्या ज्यूंच्या प्रार्थनागृहात आणि इंग्लंडच्या डेव्हन भागातल्या चर्चच्या छतावर येतात. चर्चमधल्या सशांना पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं प्रतीक म्हणतात, पण कारागिरांनी तसं लिहून ठेवलेलं नाही. अजिंठ्याची हरणं म्हणजे बुद्धाने पहिला उपदेश केला ते सारनाथचं मृगवन, असंही म्हणता येईल. असेलही. पण पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे गर्दी असेल तेव्हा आधी मान वर करून तो खांब शोधा आणि पाय मोजायला लागा.