चित्रपुस्तककार

चित्रपुस्तककार : लहान मुलांसाठीच्या पुस्तकाचा मजकूर आणि त्यातील चित्रे ही दोन्ही स्वतः करणारा लेखक-चित्रकार. गोष्ट एकाने लिहायची आणि प्रकाशकाने ती चित्रांसाठी दुसऱ्याकडे सोपवायची, ही मराठीतील रुळलेली पद्धत आहे. चित्रपुस्तककार ही विभागणी मोडतो. त्यामुळे शब्दांत जे सांगायचे नाही ते चित्रासाठी राखून ठेवण्याची मोकळीक त्याला मिळते आणि त्याच्या कामाचा खरा कस तिथेच लागतो. येथे या व्यवसायाचा विचार मुख्यतः नाशिक शहर व जिल्हा यांच्या संदर्भात केला आहे.

मुलांच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगताना कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाच्या १६५८ मधील सचित्र पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. मात्र चित्राने गोष्टीत स्वतंत्र भर घालायची, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रँडॉल्फ कॅल्डेकॉट या चित्रकाराच्या पुस्तकांमुळे रुजली. भारतात नॅशनल बुक ट्रस्ट (स्थापना १९५७) सारख्या संस्थांनी स्वस्त रंगीत पुस्तके अनेक भाषांत आणली. महाराष्ट्रात १९६७ मध्ये स्थापन झालेली ‘बालभारती’ आणि तिचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक यांनी चित्रकारांना नियमित काम दिले, परंतु ते काम बहुतांशी दुसऱ्याच्या मजकुराला चित्रे देण्याचे होते. लेखन आणि चित्रे या दोन्ही बाजू दीर्घकाळ सारख्याच ताकदीने सांभाळण्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे माधुरी पुरंदरे. त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व पुढे पॅरिसला झाले आणि २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

शब्द आणि चित्र यांची वाटणी कशी होते, हे एका जोडपानावरून (समोरासमोरच्या दोन पानांवरून) समजू शकेल. समजा, गोष्ट नाशिकच्या गोदाघाटावरील बुधवारच्या बाजाराची आहे आणि मजकूर एवढाच आहे : ‘आजी, अजून किती भाजी घ्यायची?’ चित्रात मुलगी एका हिरव्या लुगड्याचा पदर धरून चालली आहे. पण त्या लुगड्यातली बाई तिची आजी नव्हे. खरी आजी उजव्या पानाच्या कडेला, कांद्याच्या ढिगाशी वाकून भाव करते आहे, आणि तिचेही लुगडे हिरवेच आहे. मजकुरात चूक झाल्याचा उल्लेख कोठेही नाही. वाचून दाखवणारा मोठा माणूस ओळ वाचून पुढे जाऊ पाहतो, तर मांडीवरचे मूल त्याला थांबवते. पान उलटल्यावर गोंधळ उघडा पडतो. हे साधण्यासाठी आजीचा चेहरा, चष्मा आणि पिशवी आधीच्या पानांवर मुलाच्या ओळखीची करून ठेवावी लागतात, आणि गोंधळ उलगडण्याची जागा पान उलटल्यानंतरच्या डावीकडच्या पानावरच यावी लागते, कारण उलटण्यापूर्वीच समोरच्या उजव्या पानावर ती दिसली तर सगळी गंमत जाते. ‘मुलगी चुकून दुसऱ्याच बाईमागे गेली’ असे वाक्य हौशी लेखक हमखास घालतो आणि पान तिथेच निकामी होते.

कामाची सुरुवात बहुधा अंगठ्याएवढ्या कच्च्या रेखाटनांनी होते. त्यातून संपूर्ण पुस्तकाचा आराखडा आणि नंतर दुमडलेल्या कागदांची डमी, म्हणजे नमुना-पुस्तिका, तयार केली जाते. पृष्ठसंख्या मनाला येईल तशी ठरत नाही; छपाई फॉर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांच्या) हिशेबाने होत असल्यामुळे पुस्तक साधारणतः १६, २४ किंवा ३२ पानांचे होते आणि गोष्ट त्यात बसवावी लागते. जोडपानाच्या मधल्या घडीत चेहरा किंवा हात येणार नाही, कडेने कापले जाणारे काही मिलिमीटर चित्रात जास्तीचे आहेत, ही काळजी चित्रकारालाच घ्यावी लागते. देवनागरीची स्वतंत्र अडचण आहे. वेलांट्या-मात्रा ओळीच्या वर आणि उकार खाली जात असल्याने दोन ओळींत अंतर अधिक लागते. नवशिक्या वाचकासाठी अक्षर मोठे ठेवून जोडाक्षरेही बेताने वापरावी लागतात. ही जागा चित्र रंगवण्यापूर्वीच मोकळी सोडली नाही, तर अखेरीस मजकूर आकाशात नाहीतर कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो.

नाशिकमधील चित्रकाराचे शिक्षण पुष्कळदा शाळेतील एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांपासून सुरू होते आणि पुढे स्थानिक चित्रकला महाविद्यालयात किंवा मुंबईत चालू राहते. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे शहरात निसर्गचित्रणाची भक्कम परंपरा निर्माण झाली. घाटावर बसून जलरंगात ऊन-सावली पकडण्याचा सराव चित्रपुस्तकाला उपयोगी पडतो, पण तो पुरेसा नाही. एकच मूल हसताना, रुसताना, पाठमोरे असताना पंधरा वेळा तेच वाटले पाहिजे, ही मागणी निसर्गचित्र करीत नाही, आणि चांगला हात असलेले चित्रकार बहुधा येथेच अडतात.

जिल्ह्याची भाषिक रचनाही या व्यवसायाला विषय पुरवते. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत अहिराणी बोलली जाते, तर सुरगाणा-पेठ पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली समाजांची वस्ती आहे. ज्या मुलाच्या घरची बोली शाळेच्या मराठीपेक्षा वेगळी आहे, त्याला गोष्टीत शिरण्याची पहिली वाट चित्रच देते. वारली शैलीचा वापर मात्र पुष्कळदा पानाच्या कडेची नक्षी एवढ्यावरच थांबतो. त्या चित्रपरंपरेतील कथनाला अशा पुस्तकांत अजून फारसे स्थान मिळालेले नाही.

वाचकांच्या बाजूने शहराची स्थिती बरी आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या दारात नेल्या. प्रकाशनाची बाजू तेवढी बळकट नाही. देशाची टपाल तिकिटे नाशिकरोडच्या १९२५ मध्ये स्थापन झालेल्या मुद्रणालयात छापली जातात, परंतु चित्रपुस्तकांसाठी नाव असलेले मराठी प्रकाशक प्रामुख्याने पुण्या-मुंबईत आहेत.

केवळ चित्रपुस्तकांवर चरितार्थ चालवणे मराठीत अवघड असते. कलाशिक्षकाची नोकरी, मुखपृष्ठे, पाठ्यपुस्तके, जाहिरातीचे काम आणि शाळांतील कार्यशाळा यांच्या जोडीनेच बहुतेकांची कारकीर्द उभी राहते. मोबदला विक्रीवरील स्वामित्वधन (रॉयल्टी) म्हणून किंवा एकरकमी मानधन म्हणून मिळतो. स्वामित्वधनाच्या करारात लेखक व चित्रकार एकच असल्यास दोन्ही वाटे त्याचेच, हे स्पष्ट लिहून घेणे हिताचे असते. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’सारख्या मुक्त परवान्याच्या (पुस्तक कोणालाही विनामूल्य वापरू देणाऱ्या) व्यासपीठांमुळे पुस्तक अनेक भाषांत पोहोचते, मात्र तेथे प्रतीमागे उत्पन्न नसते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. मूळ चित्रांची मालकी ही पुनर्मुद्रणाच्या हक्काहून वेगळी असल्याने छपाईनंतर ती चित्रे परत करण्याची अट करारात स्वतंत्रपणे घातली जाते.