हातान तोरा आणि हातान बेरेशित

सिम्हात तोरा या यहुदी सणाच्या सकाळी सिनेगॉगमधल्या (यहुद्यांच्या प्रार्थनागृहातल्या) दोन सभासदांना दिला जाणारा, वर्षातला सर्वांत मोठा मान. तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे, वार्षिक वाचन ज्याच्या नावे पूर्ण होते तो हातान तोरा. त्याच बैठकीत ज्याच्या नावे ते पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू होते तो हातान बेरेशित. हातान म्हणजे नवरदेव. अनेक ठिकाणी मानकऱ्याच्या डोक्यावर चौघेजण तल्लीत (प्रार्थनेची शाल) मांडवासारखी ताणून धरतात. हा सण तिश्री महिन्याच्या २३ तारखेला, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येतो; इस्रायलमध्ये २२ तारखेला.

सकाळी सेफर तोरा (चर्मपत्रावर लिहिलेली तोराची गुंडाळी) घेऊन मंचाभोवती सात प्रदक्षिणा झाल्या की तीन गुंडाळ्या वाचनासाठी ठेवतात. पहिलीतून अनुवाद या पाचव्या ग्रंथाचा ३३वा अध्याय वाचतात. त्याचे पाच भाग पुन्हा पुन्हा वाचून जमलेल्या प्रत्येकाला वाचनाच्या मानासाठी बोलावायचे, अशी प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. पाचव्या भागाच्या शेवटच्या फेरीला सगळी मुले एकाच तल्लीतखाली उभी राहतात. त्यानंतर हातान तोरा: अध्याय ३३, ओवी २७ पासून ग्रंथाच्या अखेरपर्यंत, एकूण १५ ओव्या. मोशेच्या मृत्यूच्या शेवटच्या आठ ओव्या दोघांत वाटून देत नाहीत. वाचन संपताच सभा उभी राहून ‘हझाक, हझाक, वेनितहझेक’ (बळकट हो, बळकट हो, आपण एकमेकांना बळ देऊ) म्हणते. दुसऱ्या गुंडाळीतून हातान बेरेशितसाठी उत्पत्ती या पहिल्या ग्रंथातले १:१ ते २:३ वाचतात. प्रत्येक दिवसाची ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ ही ओळ आधी सभा मोठ्याने म्हणते, मग वाचक. तिसऱ्या गुंडाळीतून गणना या चौथ्या ग्रंथातले २९:३५ ते ३०:१, आणि मग तोरानंतरच्या यहोशवा ग्रंथाचा पहिला अध्याय.

हातानांना साध्या हाकेने बोलावत नाहीत. गब्बाई (वाचनासाठी बोलावणारा व्यवस्थापक) ‘मेरेशूत’ हे लांबलचक स्तुतिपर निमंत्रण वाचतो आणि शेवटी ‘याआमोद’ (उभा राहो) असे पुकारत मानकऱ्याचे हिब्रू नाव बापाच्या नावासकट घेतो. गडबड होते ती इथेच. सिनेगॉगसाठी पन्नास वर्षे राबलेल्या माणसाचेही हिब्रू नाव कुणाला ठाऊक नसते आणि ऐन वेळी कुजबुज सुरू होते. नाव तिश्रीच्या आधीच्या एलुल महिन्यातच, निवडीच्या पत्रासोबत, लिहून मागवावे. धर्मांतरित सभासदाला ‘बेन अव्राहाम’ म्हणून बोलावतात. तोराचे आशीर्वाद म्हणण्याचा सराव नसेल तर मोठ्या अक्षरांत छापलेला कागद मंचावर आधीच ठेवलेला बरा.

दुसरी अडचण गुंडाळ्यांची. आदल्या रात्रीच्या प्रदक्षिणांत पवित्र कपाटातल्या सगळ्याच गुंडाळ्या बाहेर निघतात आणि परत जाताना अदलाबदल होते. सणाआधी नेमक्या जागी लावून ठेवलेल्या तिघींना खूण बांधलेली नसेल, तर भर सभेत उत्पत्तीपासून अनुवादापर्यंत चर्मपत्र फिरवत बसावे लागते. अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या) सिनेगॉगांत वाचनानंतर गुंडाळी उघडी उंचावतात. उत्पत्तीच्या सुरुवातीला जवळपास सगळे चर्मपत्र डाव्या दांड्यावर असल्याने तो हात भक्कम असलेलाच माणूस त्या कामाला घ्यावा. वयस्कर हातानाला कौतुकापोटी हे काम देणे धोक्याचे.

मान कुणाला द्यायचा यावरून रुसवेफुगवे ठरलेले. जुन्या काळापासून एक वाट बोलीची आहे: जास्त रक्कम कबूल करणाऱ्याला मान, आणि पैसा धर्मादायाला. १६व्या शतकात क्राकोवचे धर्मशास्त्री मोझेस इस्सर्लेस यांनी नोंदवले आहे की वाचन संपवणारा आणि सुरू करणारा देणग्या कबूल करतात व इतरांना मेजवानीला बोलावतात. दुसरी वाट कार्यकारिणीच्या निवडीची. ब्रिटन-अमेरिकेतल्या अनेक सिनेगॉगांत आज हीच. तिथे गाजलेल्या देणगीदाराऐवजी दफनाच्या कामाला पहाटे धावणारा, रोजच्या प्रार्थनेची दहाजणांची गणसंख्या राखणारा, मुलांना हिब्रू शिकवणारा माणूस निवडला तरच मानाला वजन राहते. मेजवानीचा खर्च हातानाने करायचा हा रिवाज मात्र गरीब सभासदाला मुकाट्याने बाद करतो, म्हणून तो खर्च संस्थेने उचलावा. अनेक सुधारणावादी आणि काँझर्व्हेटिव्ह सभांत स्त्रियांनाही ‘कल्लात तोरा’ (नवरी) म्हणून हा मान मिळतो.

सणाच्या दिवशी लिहिणे आणि फोटो काढणे परंपरेत वर्ज्य. त्यामुळे देणगीचे आकडे दुमडायच्या पट्ट्यांच्या कार्डांवर नोंदवतात आणि मानपत्र व छायाचित्राचा कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर ढकलतात. पाच भाग सर्वांसाठी फिरवून वाचताना दोन-तीन तास सहज जातात. मधल्या वेळात लोक खाण्यापिण्याकडे वळतात आणि हातान उभा राहतो तेव्हा निम्मी सभा बाहेर असते. यावर उपाय म्हणजे एका वेळी गटाने बोलावणे किंवा दोन-तीन ठिकाणी समांतर वाचन. पिणे या सणाला इतके गृहीत आहे की बऱ्याच अश्कनाझी सभांत याजकांचा आशीर्वाद मुसाफ या नंतरच्या जादा प्रार्थनेऐवजी सकाळच्या प्रार्थनेतच उरकतात.

कोकणातल्या बेने इस्रायलांकडे (मराठीभाषक यहुद्यांकडे) सेफर तोरा पूर्वी नव्हताच. कोचीनच्या यहुद्यांशी संबंध आल्यावर तो आला, त्यामुळे गुंडाळ्यांसह सिम्हात तोराही नंतरचा. मुंबईचे पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. बेने इस्रायल सिनेगॉगला जुन्या बोलीत मशीदच म्हणत. इथली प्रार्थनापद्धती सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांची). सेफर उभ्या, कडक पेटीत असतो आणि तेबावर (वाचनाच्या मंचावर) उभा ठेवूनच वाचतात. एका दांड्यावर सारा भार पेलत गुंडाळी उंचावण्याचा प्रश्न त्यामुळे येत नाही. पेटीतली गुंडाळी आधी योग्य ओळीवर लावून ठेवणे मात्र इथेही तितकेच गरजेचे.