शुद्ध आहे, भान आहे, जाणीव आहे का?

'कॉन्शस' हा इंग्रजी शब्द भलताच कामाचा आहे. अतिदक्षता विभागात 'पेशंट कॉन्शस आहे का?' असं विचारलं, तर तो शुद्धीवर आहे का एवढंच जाणून घ्यायचं असतं. एखादा माणूस आपल्या दिसण्याबद्दल फार कॉन्शस असतो, तेव्हा शुद्धीचा काही संबंध नसतो. आणि 'ऑक्टोपस कॉन्शस असतो का?' हा प्रश्न तर तिसरीकडेच नेतो. मराठीत शुद्ध हरपते, भान सुटतं आणि जाणीव होते. बोलताना आपणही या तिन्हींची सरमिसळ करतो, पण मेंदूत त्या एकमेकींपासून खरोखरच सुट्या होऊ शकतात.

त्यातल्या त्यात सोपी शुद्ध. १९४९ मध्ये ज्युसेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी गुंगीत असलेल्या मांजरांच्या मेंदूस्तंभातल्या एका जाळीदार भागाला विजेने चेतवलं, तेव्हा त्यांच्या मेंदूलहरी झोपेच्या संथ चालीवरून जागेपणाच्या चालीवर आल्या. जागं ठेवणारी यंत्रणा तिथे आहे. आज डॉक्टर शुद्ध मोजतात ती ग्लासगो कोमा स्केलवर. १९७४ सालची ही मोजपट्टी अगदी साधी आहे: डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का. कमीत कमी गुण ३, जास्तीत जास्त १५. ती रोज उपयोगी पडते, पण एक गोष्ट विसरायला नको. ती बाहेर दिसणारा प्रतिसाद मोजते. आत काय चाललंय ते तिला कळत नाही.

कोमातून बाहेर आलेले काही रुग्ण डोळे उघडतात, त्यांचं झोपेचं आणि जागेपणाचं चक्र सुरू होतं, पण कशालाच ओ देत नाहीत. १९७२ मध्ये ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी या अवस्थेला जे नाव दिलं, त्याचा मराठी अर्थ 'वनस्पतिवत'. आता ते नाव कानाला खटकतं, आणि खटकायलाही हवं. कारण २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातानंतर याच अवस्थेत असलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, 'आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर.' तिच्या मेंदूतला हालचालींची आखणी करणारा भाग कामाला लागला. मग सांगितलं, 'आता मनातल्या मनात घरभर फिर.' या वेळी जागा आणि वाटा ओळखणारे भाग जागे झाले. धडधाकट माणसांच्या स्कॅनमध्ये जे दिसत होतं, तेच इथे होतं.

'टेनिस' हा शब्द कानावर पडल्याने मेंदू आपोआप उसळला असेल, अशी शंका अर्थातच घेतली गेली. पण ती उसळी क्षणभराची नव्हती. थांबायला सांगेपर्यंत ती टिकत होती. पुढे २०१० मध्ये अशाच एका रुग्णाला 'हो म्हणायचं असेल तर टेनिस, नाही म्हणायचं असेल तर घर' असं ठरवून दिलं, आणि त्याने घरच्या माणसांबद्दलच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगूनही कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू मात्र सूचना पाळत होता. म्हणजे चौघांत एक!

ऑपरेशन टेबलावरची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. भूल देताना बऱ्याचदा स्नायू शिथिल करणारं औषधही देतात, त्यामुळे रुग्ण आतून जागा असला तरी बोट हलवू शकत नाही. १९७७ मध्ये मायकेल टनस्टॉल यांनी यावर युक्ती काढली. औषध देण्याआधी एका हातावर रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो घट्ट फुगवायचा. औषध त्या हातापर्यंत पोहोचत नाही, हात मोकळा राहतो. मग रुग्णाला विचारायचं, 'ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.' २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर २६० पैकी १२ जणांनी हात दाबला. दुखत असेल तर पुन्हा दाबा म्हटल्यावर त्यातल्या ५ जणांनी पुन्हा दाबला. नंतर विचारलं तेव्हा कुणालाच काही आठवत नव्हतं.

मग ते कॉन्शस होते की नव्हते? आठवत नाही म्हणजे भोगलंच नाही, असा युक्तिवाद करता येतो. मला तो पटत नाही. त्या क्षणी दुखलं ते दुखलंच. आठवण हा वेगळा विभाग झाला.

उलटा प्रकारही असतो. लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ यांच्या १९७४ च्या अभ्यासातल्या रुग्णाचा दृष्टीशी संबंधित मेंदूचा उजवा भाग शस्त्रक्रियेत काढावा लागला होता, त्यामुळे डावीकडचं त्याला दिसत नसे. तरी 'दिवा कुठे लागला ते अंदाजाने दाखव' म्हटलं की त्याचं बोट बहुतेक वेळा योग्य जागी जाई. मला काहीच दिसलं नाही, यावर मात्र तो ठाम. शुद्ध पक्की, काम चोख, आणि दिसल्याची जाणीव शून्य.

आरशातल्या प्रतिमेत स्वतःला ओळखणं हा आणखी एक अर्थ. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींवर ती चाचणी केली आणि तेव्हापासून प्राण्यांच्या जाणिवेची चर्चा आरशाभोवतीच फार फिरली. पण आरशात स्वतःला न ओळखणाऱ्या प्राण्याला वेदना होत नाहीत, असं त्यातून मुळीच निघत नाही. यंत्रांना जाणीव आहे का, या सध्याच्या वादातही हेच होतं. एक जण म्हणतो, ते स्वतःबद्दल बोलतं. दुसरा विचारतो, पण त्याला काही वाटतं का? दोघे वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं देत असतात.

त्या 'वाटण्या'वर तर एक पैजही लागली होती. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख म्हणाले, २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण सापडेल. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स म्हणाले, नाही सापडणार. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत कॉख यांनी हार मान्य करून चाल्मर्स यांना वाइन दिली. पुढच्या २५ वर्षांसाठी पुन्हा पैज लावायची तयारीही त्यांनी दाखवली.