कडक भाकरी गोठत का नाही?

सोलापुरातून थंडीच्या सुट्टीत थेट मनालीपर्यंत गाडी नेणारे आता कमी नाहीत. डिकीत कडक भाकरीची पाकिटं आणि शेंगाचटणी असतेच. वाटेत तोंडात टाकायला म्हणून घेतलेला हा डबा बर्फात अडकल्यावर खरा कामाला येतो. डिसेंबर 2024 मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फामुळे सुमारे हजार गाड्या तासन् तास अडकून पडल्या होत्या.

थंडीनं अन्न नासत नाही, उलट जंतूंची वाढ मंदावते. गोठतं ते अन्नातलं पाणी. त्यातही महत्त्वाचं असतं मोकळं पाणी, म्हणजे पिठात, मिठात किंवा साखरेत न अडकलेलं. या मोकळ्या पाण्याच्या मापात शुद्ध पाण्याला 1 धरलं तर 0.6 च्या खाली बुरशीही वाढू शकत नाही. मऊ पोळीत हे पाणी भरपूर असतं. शून्याच्या जरा वर तिच्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पोळी चामट होते, आणखी थंडीत ती दगड होते. ज्वारीची पातळ भाकरी वाळवून कडक केली की गोठायला पाणीच उरत नाही. उणे दहातही ती सोलापुरात मोडते तशीच कटकन मोडते.

चटणीचं वागणं वेगळं. कुटताना सुटलेलं शेंगदाण्याचं तेल शून्याच्या आसपास गढूळ होऊन थिजतं आणि चटणीचा गोळा होतो. बिघडत काही नाही, खिशात ठेवली की मोकळी होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात, म्हणून थंडीत ती सोन्यासारखी. फक्त बेतानं खावी, कारण मीठ-तिखटानं तहान लागते आणि पाण्याचीच तर खरी अडचण असते.

गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली बाटली फुटते, म्हणून वर जागा सोडावी. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्यामुळे बाटली उलटी ठेवली तर तो बुडाशी धरतो आणि तोंड बराच वेळ मोकळं राहतं. पाण्याच्या कॅनभोवती सोलापुरी चादर गुंडाळली तर गोठणं लांबतं. टळत मात्र नाही, चादर काही उष्णता तयार करत नाही.

तहान लागली म्हणून बर्फ चघळणं महागात पडतं. एक किलो बर्फ वितळायला 80 किलोकॅलरी लागतात, ते पाणी शरीराच्या तापमानाला आणायला आणखी 37. ही सगळी उष्णता अंगातून जाते. हिशेब वीसेक ग्रॅम शेंगदाण्यांचाच, पण आधीच कुडकुडणाऱ्या माणसाचं अंग त्यानं आणखी गार पडतं. बर्फ आधी वितळवून घ्यावा. त्यासाठी इंजिन चालू करायचं तर सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलेलं नाही ना, हे उतरून बघावं. बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि त्याला ना वास ना रंग.

आपल्याकडच्या गाडीत या शिदोरीची खरी शत्रू थंडी नाहीच. सोलापूरचा मे चाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. पंचविसाचे पंचावन्न झाले की आठपट. तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि चटणी खवट होते. अख्ख्या दाण्यापेक्षा कुटलेल्याला हवा जास्त लागते, त्यामुळे तिचा नंबर आधी. भाकरीत तेल नाममात्र असल्यानं ती तग धरते, पण पाकीट फुटलेलं असेल तर पावसाळ्यात ओल धरून वातड होते.

म्हणून चटणी निघायच्या आठवड्यात कुटलेली घ्यावी, डबा गच्च भरून हवेला जागा ठेवू नये आणि परत आल्यावर उरलेलं घरात आणून संपवावं. पुढच्या डिसेंबरसाठी ते डिकीत ठेवायचं नाही.