फिल्टर कोठे शे मंग? प्रवाळाच्या टाकीमागची पार्श्वभूमी

अमळनेरला आमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी बघायला जो येतो, तो आधी मासे बघतो, मग प्रवाळ, आणि शेवटी वाकून टाकीच्या मागे बघतो. आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, तेच केलं. "पानी फिरावाले मोटर शे, दिवा शे. फिल्टर कोठे शे मंग?" मी टाकीतल्या दगडांकडे आणि वाळूकडे बोट दाखवलं. आबांना ते पटलं नाही. गोड्या पाण्याच्या टाकीत स्पंजचा डबा असतो, तो पिळला की काळं पाणी निघतं, हे त्यांनी पाहिलेलं. इथे पिळायला काहीच नव्हतं.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर तयार व्हायला सव्वाशे-दीडशे वर्षं लागली. त्यातला मोठा भाग समुद्राकाठी नाही, तर मातीचा आणि सांडपाण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या हातून सुटला. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट सांगायला मला म्हणूनच आवडते.

१८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. मासे कर्बवायू सोडतील, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देईल, पाणी बदलावं लागणार नाही, असा हिशेब होता. काही दिवसांत वनस्पतीची जुनी पानं सडली आणि पाणी गढूळ झालं. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, पाणी पुन्हा निवळलं. १८५० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. प्राणी, वनस्पती आणि सडकं खाणारे जीव यांचा मेळ बसला की पाणी स्वतःला सांभाळतं, ही कल्पना तिथून रुजली. विहिरीत कासव किंवा मासे सोडणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ती नवी वाटली नसती. पण या हिशेबात एक मोठी जागा रिकामी होती. माशाच्या मूत्रातून आणि कल्ल्यांतून जो अमोनिया पाण्यात उतरतो, त्याचं काय होतं?

समुद्री जीवांची टाकी त्याच सुमारास सुरू झाली. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. प्रवासात आपटू नयेत म्हणून ते सुईदोऱ्याने मोठ्या स्पंजला टाचून घेतले होते. ताजं समुद्राचं पाणी रोज कुठून आणणार? म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची, रोज अर्धा-पाऊण तास. पुढे बाईंनी त्यात समुद्री शैवाल ठेवलं. हे थंड पाण्यातले एकेकटे वाढणारे प्रवाळ, आपल्या डोळ्यांपुढच्या रंगीत खडकासारखे नव्हेत, पण समुद्रापासून लांब प्रवाळ जगवता येतो हे त्यांनी दाखवलं. त्या मोलकरणीचं नाव मला कुठे सापडलं नाही, आणि त्याची खंत वाटते.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. त्यामागे असलेल्या फिलिप हेन्री गॉसने पुढच्याच वर्षी कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि गोडं पाणी. पुढे १८६५ मध्ये फोर्शहामर आणि १८८४ मध्ये डिटमार या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं, की खुल्या समुद्रात खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच असतं. डिटमारने त्यासाठी चॅलेंजर जहाजाने जगभरातून आणलेले ७७ नमुने तपासले होते. अमळनेरला समुद्र येऊ शकतो तो या शोधामुळे. सुरत रेल्वेने २५० किलोमीटरच्या आसपास, आणि तापीच्या मुखाजवळचं गाळाचं पाणी प्रवाळाच्या कामाचं नाही. पण समुद्राचं प्रमाण ठरलेलं असेल, तर मिठाची पिशवी कुठेही फोडता येते. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, घनता १.०२५. अट एकच, पाणी कोरं हवं. आमच्या बोअरचं पाणी जड, शिवाय शेतातल्या खताचा नायट्रेट त्यात उतरलेला. जारच्या पाण्यातही क्षार उरतातच. म्हणून आरओनंतर उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनची नळी लावून, क्षार मोजणारा मीटर शून्य दाखवेपर्यंत गाळावं लागतं.

आता आबांच्या प्रश्नाकडे. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी एका लांब काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी हळूहळू झिरपत ठेवलं. वीस दिवस खालून जसाच्या तसा अमोनिया येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागला, अमोनिया घटत गेला. वाळू तीच, चुनखडी तीच. रासायनिक क्रिया असती तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर नायट्रेट बनणं थांबलं. नंतर थोड्या मातीचं धुवण ओतलं, तर काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. म्हणजे नळीत कुणीतरी जिवंत होतं, आणि त्याला वसायला वीस दिवस लागले होते.

ज्याने ज्याने खाऱ्या पाण्याची टाकी लावली, त्याला हे वीस दिवस ठाऊक आहेत. आज आपण त्याला 'सायकल होणं' म्हणतो. माझ्या पहिल्या टाकीला ते दिवस मी दिले नाहीत. दुसऱ्या शहरातल्या एका दुकानदाराने सांगितलं, चौथ्या दिवशी मासे सोडा, पाणी स्वच्छ दिसतंय ना? मी दोन क्लाउनफिश सोडले. सहाव्या दिवशी ते पृष्ठभागाशी तोंड उघडं टाकून धापत होते, आठव्या दिवशी दोन्ही गेले. पाणी आरशासारखं होतं. अमोनियाच्या चाचणीच्या कुपीत मात्र ते गर्द हिरवं झालं, म्हणजे अमोनिया भरपूर. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, आणि समुद्राच्या ८.२ च्या आसपासच्या पीएचला त्याचा विषारी वाटा गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो.

श्लोझिंग-म्युंत्झचं काम इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ज्याने पुढे नेलं, त्याचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा! मातीत अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं, आणि ही दोन पावलं वेगवेगळे जिवाणू टाकतात, हे त्याने दाखवलं. ते जिवाणू वेगळे काढण्यात मात्र यश आलं सर्गेई विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला, १८९० मध्ये. बापाच्या भांड्यातली रिकामी जागा मुलाने शेतात भरली, पण शेतातलं हे ज्ञान मासे पाळणाऱ्यांच्या टाकीपर्यंत यायला पुढची कित्येक दशकं गेली. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत हळहळ लावणारा भाग वाटतो. मधल्या काळात किती जीव नुसत्या अमोनियाने गेले असतील!

आबांना मी हे युरियावरून सांगितलं. कपाशीला टाकलेला युरिया मातीत अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचा नायट्रेट करतात, तेव्हा पिकाला तो सहज लागतो. टाकीतही त्याच जातीचं काम चालतं. फक्त तिथे युरिया टाकावा लागत नाही, मासे ते काम करतात.

मग साठलेला नायट्रेट जातो कुठे? त्याचंही उत्तर शेतात आहे. वाफसा असलेल्या जमिनीत हवा खेळते, तिथे नायट्रेट बनतो. पाणी साचलं, हवा कोंडली, की दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. अतिपावसात कपाशी पिवळी पडते, त्यामागचं हे एक कारण. प्रवाळाचा सच्छिद्र दगड या दोन्ही जमिनी एकाच ढेकळात बाळगतो: बाहेरच्या थरात वाफसा, आत कोंडलेलं पाणी. बाहेर अमोनियाचा नायट्रेट होतो, आत नायट्रेटचा वायू. आबा म्हणाले, "आसं सांग ना मंग." फिल्टर त्यांना सापडला होता.

मत्स्यालयवाल्यांना हे कळेपर्यंत मोठा फेरा पडला. विल्यम ॲल्फर्ड लॉइडने १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टाक्यांखाली मोठ्या काळोख्या हौदांची सोय केली आणि पाणी सतत फिरतं ठेवलं. त्या हौदांच्या भिंतींवर काय वसत होतं, हे तेव्हा कुणी विचारलं नसावं. विसाव्या शतकाच्या मध्यावर खडीखालून पाणी ओढणारे फिल्टर आले. त्यांनी अमोनिया आटोक्यात आला, पण खडीत घाण साठली आणि नायट्रेट चढत गेला. मासे तगायचे, प्रवाळ नाही.

वळण दिलं जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ मध्ये त्यांनी आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेला दगड, समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे. यंत्र जवळजवळ काहीच नाही, आणि त्यात प्रवाळ जगत. त्यांच्या घराजवळ समुद्र होता, ऊन फुकट होतं, म्हणून थंड देशांतल्या लोकांना ते जमेना. पण लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत दगड, हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडी आहे, त्याची मुळं तिथे आहेत.

त्या दगडाला जोड दिली युरोपातल्या लोकांनी. पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात कॅल्शियमसाठी जे सुचवलं, ती आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतली चुन्याची निवळी. प्रवाळ आपला सांगाडा चुनखडीचा बांधतात. समुद्रात लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि बंद टाकीत ते झपाट्याने उतरतं. निवळीचा पीएच १२ च्या वर, म्हणून ती थेंबथेंब, बहुतेक रात्रीच सोडायची. शेतात ठिबक लावलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मी चक्क ठिबकचाच बारीक कॉक वापरतो. बर्लिनमधल्या हौशी लोकांनी लाइव्ह रॉक, निवळी, प्रखर दिवे आणि फेस काढून घाण बाहेर टाकणारा स्किमर यांची सांगड घातली. ती बर्लिन पद्धत, आणि आज घराघरांतल्या बहुतेक टाक्या तिच्याच लेकी आहेत.

इतर वाटाही निघाल्या. वॉशिंग्टनमध्ये वॉल्टर एडी यांनी शैवालाच्या गालिच्यावर पाणी धुवून घेतलं. फ्रान्समध्ये आणि पुढे मोनॅकोत जाँ जोबेर यांनी जाड वाळूच्या थराखाली संथ पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट उडवला. मग खोल वाळूचा पंथ निघाला. माझं मत साधं आहे: दगड पुरेसा सच्छिद्र असेल तर दोन बोटं वाळू पुरते. खोल वाळू हलली, तर आत साठलेलं वर येतं.

भारतात यात कायद्याची बाजू विसरून चालत नाही. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, समुद्रघोडेही. किनाऱ्यावरून किंवा मालवणच्या सहलीतून प्रवाळाच्या दगडाचा तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणून मी कोरडा, माणसाने बनवलेला दगड घेतला, त्यात एका मित्राच्या मुरलेल्या टाकीतली मूठभर वाळू टाकली आणि पुढचे २६ दिवस रिकाम्या टाकीकडे बघत बसलो. मातीच्या धुवणाचा तो प्रयोग मी घरात पुन्हा केला, एवढंच. टाकीत आहेत ते प्रवाळही मऊ जातीचे, दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेल्या तुकड्यांपासून केलेले.

आणि अशा टाक्यांनीही विज्ञानाला परतफेड केली. विनोग्राडस्कीपासून समजूत होती, की अमोनियाचं काम जिवाणूच करतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल मत्स्यालयाच्या एका समुद्री टाकीच्या खडीतून नायट्रोसोप्युमिलस नावाचा सूक्ष्मजीव वेगळा काढला गेला. तो जिवाणू नव्हेच, आर्किया या निराळ्याच कुळातला निघाला. त्याचे नातलग जगभरच्या समुद्रात अफाट संख्येने आहेत, हेही कळलं.

खानदेशात लोक पहिलं विचारतात ते उन्हाळ्याचं. मे महिन्यात बाहेर ४४ अंश, आणि प्रवाळाला ३० च्या वर सोसत नाही. पण आपली हवा कोरडी आहे. कूलर जसा खोली गार करतो, तसा टाकीवर तिरपा लावलेला छोटा पंखा पाणी गार करतो. दमट कोकणात हे इतकं साधत नाही. रोज ४-५ लिटर पाणी उडतं. मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती कोऱ्या पाण्याची.

खरी भीती विजेची. दगडातले हेच जीव दिवसरात्र प्राणवायू घेतात, आणि पाणी थांबलं की ते माशांच्या वाट्याचा घेऊ लागतात. गेल्या जूनच्या सुरुवातीला वादळ झालं, गावाबाहेर खांब पडले. रात्री अकराला इन्व्हर्टर बसला. मी मग घेऊन टाकीतलं पाणी उचलायचो आणि हातभर उंचीवरून परत ओतायचो. एकाच्या सुमाराला हात भरून आले, तेव्हा आबा उठले, माझ्या हातातला मग काढून घेतला आणि खिडकी सताड उघडली. आम्ही आळीपाळीने ओतत राहिलो. वीज आली साडेचारला. एक झिंगा गेला. मासे सगळे होते. उजाडलं तेव्हा झोआंथस जातीचे प्रवाळ मिटलेलेच होते, दुपारी दोनपर्यंत एकेक करून उघडले.